मारिसोलच्या नावाने आमीन

खैरुन्निसा सोलकरला कुणी विचारलं, की बाई, दुबईत तू काम काय करतेस, तर ती म्हणायची, "कॉम्प्युटरवर असतं." आणि लगेच घरभाड्याचं, नाहीतर गर्मीचं बोलणं काढायची. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सांगायला तिची जीभ वळत नसे. ती पगार घेऊन अमेरिकेतल्या ख्रिस्ती माणसांसाठी प्रार्थना करायची. हसू नका, पुढचं ऐका.

बाई मूळची रत्नागिरीच्या राजिवड्याची. इंग्रजी घेऊन बीए झालेली, तीन वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं. लग्न होऊन इथे आली त्याला वीस-एकवीस वर्षं झाली. नवरा वली जबल अलीला गोदामात सुपरवायझर. पहाटे पाचला कंपनीची बस गाठायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या देत शारजाला घरी यायचं, हा त्याचा आयुष्यभराचा क्रम. मुलगी एकच, सफा, कॉलेजात. खैरुन्निसाचं ऑफिस दुबईत, अल कुसैसला, टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. आधी ती तिथे किराण्याच्या एका ॲपच्या तक्रारी बघायची. कुणाची अंडी फुटली, कुणाचं दूध आलंच नाही. मग दोन हजार चोवीसच्या सुरुवातीला कंपनीला अमेरिकेचं काम मिळालं, आणि इंग्रजी नीट लिहिणारी पंधरा माणसं त्यावर बसवली. त्यांत ही.

ॲपचं नाव ‘अपर पोर्च’. तिकडची भाविक माणसं सकाळी उठून फोनवर आपली प्रार्थना लिहायची किंवा बोलायची, आणि ॲप त्यांना शब्द द्यायचं, की तासाभरात एक खरा माणूस तुमच्यासाठी हात जोडेल. मशीन नव्हे, माणूस. ॲप काढणारे दोन भाऊ होते. सॉफ्टवेअरमध्ये कमावलेले, चर्चला नेमाने जाणारे आणि राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेले. ट्रेनिंगच्या व्हिडिओत ते सांगायचे, की यंत्रांनी आपल्या घरातून देव घालवला, आता यंत्रांनीच त्याला परत आणायचं, घरात आणि सरकारातही. खैरुन्निसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातून देव गेल्याचं तर तिला चांगलंच पटलं. सफाच्या हातातला फोन ती रोज बघत होती.

तरी पहिल्याच दिवशी तिने हात वर करून विचारलं होतं, "पण आम्ही ख्रिश्चन नाही, चालेल का?" ट्रेनिंग देणारा गोरा जरा गडबडला. म्हणाला, दोन क्षण आदराने शांत राहिलात तरी पुरे, फक्त आपण कुठे बसलोय आणि कोण आहोत ते कुणाला कळू द्यायचं नाही. घरी येऊन तिने वलीला विचारलं. वली म्हणाला, "दुआच मागतेस ना गो? कुणाला शिव्या तर घालत नाहीस. अल्ला काय पासपोर्ट बघतो काय?"

मग ही बाई खरोखरच दुआ मागू लागली. बाकीचे काय करायचे, तर प्रार्थना वाचायची, ‘आजार’, ‘नोकरी’, ‘मूल’, ‘देश’ असं एखादं लेबल लावायचं, ‘प्रार्थना केली’ हे बटन दाबायचं आणि पुढे. वीस सेकंदांत एक, यल्ला, चला. खैरुन्निसा मात्र टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही असे, दोन्ही तळवे उघडायची, माणसाचं नाव घ्यायची, त्याचं दुःख स्वतःच्या बोलीत अल्लाला सांगायची, आमीन म्हणायची आणि मगच बटन दाबायची. महिन्याच्या यादीत तिचं नाव कायम तळाला. टीम लीडर तनया, दुबईतच वाढलेली मराठी पोरगी, वैतागून म्हणायची, "आपा, स्पीड! तुम्ही काय प्रत्येकाला दत्तक घेताय का?" खैरुन्निसा हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नेहमीची माणसं शक्यतो एकाच व्यक्तीकडे यावीत अशी कंपनीची पद्धत होती. त्यामुळे मे महिन्यात वर्नाबाई हिच्या वाट्याला आल्या आणि हिच्याकडेच राहिल्या.

वर्ना, वय चौऱ्याहत्तर, मिसुरी राज्यातलं एक लहान गाव. त्या पहाटे सहाला लिहायच्या, तेव्हा इकडे दुपारचे तीन झालेले असायचे, असरच्या नमाजाची वेळ जवळ आलेली. सुरुवातीला साधंच असायचं. गुडघे, पाऊस, नवऱ्याचं बीपी. नवरा डेल, चर्चमधला मोठा माणूस, शिवाय गावातल्या पक्षाच्या कामातला. दारात झेंडा, अंगणात उमेदवाराची पाटी. वर्नाबाईंचंही मत तिकडेच. देश हातातून चाललाय, सरहद्द बंद झाली पाहिजे, पोरांना शाळेत प्रार्थना शिकवली पाहिजे, असं त्या लिहायच्या, अगदी मनापासून. खैरुन्निसा ‘देश’ हे लेबल लावायची आणि त्यांच्या देशासाठीही दुआ मागायची. भांडण कशाला? आपला देश सांभाळ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या राजिवड्यातही शंभर सापडतील.

मग जून महिन्यात एके दिवशी वर्नाबाईंनी वेगळंच लिहिलं. लिहिलं होतं, की देवा, हे मी डेलला सांगू शकत नाही, पास्टरला सांगू शकत नाही, फक्त तुलाच सांगते. माझ्या मुलाची, कर्टिसची बायको, मारिसोल, तिच्याकडे कागद नाहीत. ती होंडुरासहून लहानपणी आली आणि कागद कधी झालेच नाहीत. डेलला वाटतं, की सगळं रीतसर आहे. मी मत देते ते तिच्यासारख्यांना हाकलण्यासाठी, आणि रविवारी तिच्या हातची भाकरी खाते. माझी नात चार वर्षांची आहे. देवा, मी कुणाच्या बाजूने उभी राहू ते मला कळत नाही. तू तिला लपव.

खैरुन्निसाने ते तीनदा वाचलं. हे दुखणं तिला आतून ठाऊक होतं.

तिचा धाकटा भाऊ उमर. ह्याच शारजात दोन वर्षं बिनव्हिसाचा राहिला होता. कंपनी बुडाली, मालक पासपोर्ट घेऊन पळाला, आणि हा आठ जणांच्या खोलीत दिवसा झोपायचा, अंधार पडला की काम शोधायचा. पोलिसांची गाडी दिसली, की खैरुन्निसा आधी त्याला फोन लावायची. तिकडे राजिवड्यात आईने काय केलं? मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या बायका घरी बोलावल्या, मधे चादर पसरून चिंचोक्यांचा ढीग ओतला आणि कुराणातली आयते-करीमा पढायला बसवल्या. एकेक पढणं झालं, की एकेक चिंचोका इकडून तिकडे. जुम्म्याला मशिदीत खतीबसाहेबांनी नाव घेऊन सांगितलं, उमर वल्द फलाना परदेशात अडकलाय, दुआ करा. अख्खी मशीद आमीन म्हणाली. दोन महिन्यांत इथल्या सरकारने माफी जाहीर केली, दोन हजार सातची, आणि उमर दंड न भरता विमानात बसला. सरकारने काय कारणाने माफी दिली ते सरकार जाणे. खैरुन्निसाला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की कळली: दुआ एकट्याने मागायची नसते. जितके हात जास्त, तितकं बरं. आणि मोघम मागायची नसते. नाव घ्यायचं, दुखणं काय ते नीट सांगायचं.

आता त्या कामाच्या पडद्यावर खाली दोन चौकटी असायच्या. एक टिपणाची, हवी तर भरायची. कुणी भरत नसे. दुसरीसमोर लिहिलेलं, ‘भागीदारांना पाठवा’. ट्रेनिंगमध्ये ह्या चौकटीवर एकच पान होतं, त्यावर पुष्कळसे जोडलेले हात काढलेले आणि खाली लिहिलेलं, की चर्च, प्रार्थना मंडळं आणि मिशनचे मित्र. देशाशी संबंध असलेली प्रार्थना असेल, तर टिक करा. बस, एवढंच.

खैरुन्निसाने टिक केली. आणि टिपणाच्या चौकटीत स्वच्छ अक्षरांत लिहिलं: मारिसोल, वर्ना यांची सून, कागद नाहीत, फार घाबरलेली आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. मग तळवे उघडले आणि दुआ मागितली.

वर्नाबाई मारिसोलबद्दल अधूनमधून लिहीत राहिल्या. प्रत्येक वेळी हिने टिक केली, प्रत्येक वेळी नाव लिहिलं. बाजूला एक छोटा आकडा यायचा, किती भागीदारांकडे गेलं त्याचा. आधी तीन होता. ऑगस्टात चौदा. सप्टेंबरात एकसष्ट झाला, तेव्हा बाईला भरून आलं. नेमकी त्याच महिन्यात इथे पुन्हा माफी जाहीर झाली होती, व्हिसा संपलेल्यांच्या रांगा लागल्या होत्या. संध्याकाळी तिने वलीला सांगितलं, "एकसष्ट ठिकाणी आमीन चाललीय त्या पोरीच्या नावाने. बघा तुम्ही, तिकडेपण माफी येणार."

"इन्शाल्ला," वली म्हणाला. "तुझी ती म्हातारी तरी सुखी होऊ दे."

तिकडे मात्र माफी येणार नव्हती, तिकडे निवडणूक येत होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्नाबाई चार दिवस आल्याच नाहीत. खैरुन्निसाचा जीव टांगणीला. तीन वाजले, की ती दर दोन मिनिटांनी यादी बघायची. बीपीवाला नवरा गेला की काय, म्हातारी स्वतःच पडली की काय, नाही नाही ते मनात यायचं. पाचव्या दिवशी नाव दिसलं. तिने बिस्मिल्ला म्हणून उघडलं.

वर्नाबाईंनी लिहिलं होतं, की शनिवारी आमच्या दारात प्रचाराचा मुलगा आला. आमच्याच चर्चचा, चांगल्या घरचा. त्याच्या फोनवर घरांची यादी होती, कोणत्या घरात कशाची चिंता आहे ती. डेल ओसरीवरच बसला होता. तो मुलगा म्हणाला, सर, तुमच्या सुनेच्या कागदांचं कळलं, आम्ही सगळे तुमच्या घरासाठी प्रार्थना करतोय, आणि म्हणूनच ही निवडणूक महत्त्वाची आहे. डेलला तोवर काहीच माहीत नव्हतं. रविवारपर्यंत सगळ्या चर्चला माहीत झालं. सोमवारी मारिसोल नातीला घेऊन निघून गेली. कर्टिसलाही सांगून गेली नाही. फोन बंद आहे. डेल माझ्याशी बोलत नाही.

आणि शेवटी एकच ओळ होती. देवा, मी फक्त तुला सांगितलं होतं. तू कुणाला सांगितलंस?

खैरुन्निसाचे तळवे टेबलाखाली उघडायला गेले ते तसेच मांडीवर पडले. ती उठली आणि सरळ तनयाच्या काचेच्या खोलीत गेली.

"तनया, हे भागीदार म्हणजे कोण गं?"

"कुठले?"

"टिक करतो ते. चर्च ना? प्रार्थना मंडळं ना?"

तनयाने स्क्रीनवरून मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग थोडी दया. "आपा, काही चर्च आहेत. बाकी डेटा कंपन्या, प्रचारवाले. कुणाला बॉर्डरचं टेन्शन आहे, कुणाला शाळेचं, ते बघून घरोघर माणसं पाठवतात. ॲप फुकट कसं चालेल नाहीतर? लोकांनी साइन करताना होकार दिलेला असतो."

"वाचून दिलेला असतो?"

"कोण वाचतं? तुम्ही वाचता?"

"आणि मी लिहिलेलं टिपण? तेपण जातं?"

"टिपणच तर हवं असतं त्यांना." तनया जरा हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या टिपणांचं क्लायंटने मागच्या महिन्यात कौतुक केलं होतं. स्लो आहे पण क्वालिटी बेस्ट, असं. मी तुम्हांला सांगणार होते, बोनसच्या वेळी."

कौतुक! खैरुन्निसाला वाटलं, की आपल्या थोबाडीत कुणी मारली असती, तर बरं वाटलं असतं.

ती जागेवर आली. नियमाप्रमाणे वर्नाबाईंना उत्तर गेलं पाहिजे होतं, ठरलेल्या पाच-सहा वाक्यांपैकी एखादं. ‘देव तुमचं ऐकतो आहे.’ ‘तुम्ही एकट्या नाही.’ तिने ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि एकही वाक्य तिला पाठवता येईना. सहा वाजता ती काही न पाठवताच निघाली.

घरी वलीला आणि सफाला तिने सगळं सांगितलं. डाळ-भाताची ताटं पुढे तशीच. सफा आधी बोलली, तिच्या इंग्रजीत. "अम्मी, इट्स जस्ट डेटा. यू डिडन्ट नो. दे युज्ड यू." पोरगी आईच्या बाजूनेच बोलत होती बिचारी.

"डेटा नाय तो," खैरुन्निसा म्हणाली. "अमानत होती. तिने अल्लाजवळ ठेवली, आणि मधे मी बसले होते. मी ती गावभर वाटली. नाव घालून वाटली, सफा! बाकीच्या पोरी आळशी, त्यांनी चौकट रिकामी सोडली, म्हणून त्यांच्या माणसांची घरं शाबूत आहेत. माझ्या म्हातारीचं घर मी मोडलं, माझ्या चांगुलपणाने."

"तू मोडलंस?" वली म्हणाला. "ज्यांनी विकलं त्यांनी मोडलं. त्या पोराला दारात पाठवलं त्यांनी मोडलं."

"त्यांचा हिशेब अल्ला बघेल. माझा मला द्यायचाय. ती म्हातारी आता अल्लावर संशय घेतेय. तू कुणाला सांगितलंस म्हणून विचारतेय ती त्याला. तिचा नवरा बोलेनासा झाला, सून गेली, नात गेली, आणि आता अल्लाही गेला तर तिच्याकडे उरलं काय?"

हिच्या मनात काय आहे ते वलीने ओळखलं होतं. "तिला सांगणार तू?"

"हो."

"नोकरी जाईल."

"जाईल."

साडेचार हजार दिरहम, म्हणजे लाखभर रुपये, आणि त्यातली जवळजवळ सगळी रक्कम सफाच्या फीला जायची. हे तिघांनाही ठाऊक होतं. वलीने ताट पुढे ओढलं, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मी काय सांगू गो तुला? मी सांगेन गप्प बस. तिला कधी कळणार नाही कोण ते. पण तू गप्प बसलीस, तर या घरात कुणाला झोप लागणार नाही, हेपण मला माहीत आहे." सफाने आईच्या ग्लासात पाणी ओतलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला खैरुन्निसाने वर्नाबाईंची कालचीच प्रार्थना पुन्हा उघडली. मोकळं उत्तर लिहायची सोय फक्त एका कारणासाठी होती. लिहिणाऱ्याच्या जिवाला धोका वाटला, तर. त्याचा कोड घातला, की एक रिकामी चौकट उघडायची, आणि लगोलग टीम लीडरच्या पडद्यावर लाल खूण उमटायची. तिने कोड घातला. मग शाळेत फळ्यावर लिहायची तशी, एकेक वाक्य जपून, लिहिलं.

"वर्नाबाई, देवाने कुणालाही सांगितलं नाही. मी सांगितलं. तुमची प्रार्थना वाचण्याचं माझं काम आहे. मारिसोलसाठी पुष्कळ माणसांनी हात पसरावेत असं मला वाटलं, म्हणून मी तिचं नाव लिहून पुढे पाठवलं. ते कुठे जातं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चूक माझी आहे. तुमच्या देवावर रागावू नका."

पाठव. झालं.

तिकडे पहाटेचे सहा वाजले होते. वर्नाबाई जाग्याच असणार, कारण दोन मिनिटांत उत्तर आलं. "तुम्ही कोण?"

"माझं नाव खैरुन्निसा. मी दुबईत असते. मी मुसलमान आहे."

काचेपलीकडे तनया उभी राहिलेली दिसली, तिच्या पडद्यावर लाल खूण आलीच असणार. ती दारापर्यंत आली, खैरुन्निसाचा चेहरा बघितला आणि तिथेच थांबली. आत येऊन तिला कॉम्प्युटर बंद करता आला असता. पोरीने ते केलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग अक्षरं उमटली. "तुम्ही मारिसोलसाठी खरंच प्रार्थना केलीत? की फक्त बटन दाबलंत?"

"खरंच केली. जूनपासून रोज."

ह्या वेळी आलं ते लांब होतं.

"मला तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतोय. तुम्ही भल्या मनाने केलंत हे दिसतंच आहे. डेलही भल्या मनानेच करतो. फोन घेऊन आलेला तो मुलगाही भला होता, जाताना माझा हात हातात घेऊन गेला. मीसुद्धा मत देते ते भल्यासाठीच देते. माझं चाळीस वर्षांचं चर्च, माझा पक्ष, आणि आता तुम्ही, सगळे माझं भलं चिंतणारे. आणि माझी नात कुठे आहे ते मला माहीत नाही. भलं चिंतणाऱ्या माणसांचा मला वीट आलाय. तुम्ही खरं सांगितलंत, त्याबद्दल आभार. आता एक करा. आम्हांला तुमच्या प्रार्थनेतून वगळा. मला, आणि मारिसोललाही."

खैरुन्निसाने लिहिलं, "बरं." पाठवायच्या आधीच वर्नाबाईंचं नाव यादीतून गेलं. त्यांनी ॲप काढून टाकलं होतं.

तनया आत आली. "आपा, मला रिपोर्ट करावं लागेल. क्लायंटचा कॉल ऑलरेडी आलाय."

"कर ना गं. तुझं कामच आहे ते."

"मी लिहिते, तुम्हांला बरं नव्हतं."

"नको," खैरुन्निसा म्हणाली. "जे झालं तेच लिही. टिपण नीट लिहावं, हे मीच दाखवलंय तुला."

पाच वाजता तिचं कार्ड काढून घेतलं. खलास. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि शारजाच्या सरहद्दीपर्यंत रडली, अगदी उघडपणे. नोकरीसाठी रडली का? थोडी त्यासाठीही रडली, खोटं कशाला बोला. पण जास्त रडली ती त्या शेवटच्या मागणीसाठी. तिला वाटलं होतं, की म्हातारी शिव्या घालेल, शाप देईल, नाहीतर माफ करेल. ह्यातलं काहीही तिने पदर पसरून घेतलं असतं. वगळा म्हणेल, असं मात्र स्वप्नातही आलं नव्हतं.

मगरिबच्या नमाजाची वेळ झाली होती. वली नुकताच कामावरून आला होता. तिने सांगितलेलं त्याने उभ्या उभ्याच ऐकलं, आणि मग तो जे बोलला ते तिच्यावरच्या मायेनेच बोलला. "अगो, मनातल्या मनात माग ना. ती बघायला येणार आहे काय? दुआ मागायला कुणाची परवानगी लागते?"

"मागच्या वेळी हेच केलं मी," ती म्हणाली. "तिला न विचारता तिचं भलं केलं. आता तिने तोंडाने सांगितलंय, नको. पाच महिन्यांत त्या बाईने माझ्याजवळ मागितलेली ही एकच गोष्ट आहे. तीपण नाही करू?"

"आणि ती पोरगी? बाळ घेऊन कुठे फिरत असेल ती?"

खैरुन्निसाने वजू केला, मुसल्ला अंथरला, नमाज पढली आणि हात उघडले. रोजच्या क्रमाने नावं आली. अम्मा-बावा, अल्ला त्यांची कबर रोशन करो. वली. सफा. उमर आणि त्याची पोरं. त्यापुढे जूनपासून जे नाव यायचं, ते आपोआप ओठांपर्यंत आलं, कारण जिभेला काय माहीत? तिने दात घट्ट आवळले. हात तसेच उघडे, तोंड बंद, आणि डोळ्यांतून पाणी तळव्यांवर गळतंय. बाजूच्या खोलीतून सफा बघत होती. किती तरी वेळ तिची आई तशीच बसली होती आणि एक शब्दही बोलत नव्हती.